मॅडम, तारीख कितीची पडली?

कोर्टातल्या लिपिकाच्या नोकरीसाठीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "निशाणी म्हणजे काय?"

मी म्हटलं, "खूण. कुणाची आठवण म्हणून जपून ठेवलेली वस्तू."

समोर बसलेले न्यायाधीश एकमेकांकडे बघून हसले आणि मला वाटलं, गेली नोकरी. बाहेर बाकावर एक मुलगा आपला नंबर यायची वाट बघत होता. त्याचे वडील वकिलांकडे कारकून. त्यानं तिथल्या तिथं मला शिकवलं. प्रकरणात दाखल झालेल्या कागदावर जो नंबर पडतो ती निशाणी. दावा म्हणजे नि. १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेकदा नि. ५ ला असतो, म्हणून वकील नुसतं "पाच नंबर कधी ठेवलाय?" असं विचारतात. एवढं सगळं माहीत असलेला तो मुलगा यादीत आला नाही, आणि मी आले. माझ्या उत्तरानं साहेबांची दुपार जरा बरी गेली असावी, एवढंच कारण मला आजवर सुचलंय.

मार्च २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी एकत्र भरती काढली होती. सगळी मिळून ८९२१ पदं, त्यांत कनिष्ठ लिपिकाची ४७३८. मी तेव्हा नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला होते. गेटपास फाडायचे आणि आवक-जावक एक्सेलमध्ये भरायची. बी.कॉम. झालेलं, एमएससीआयटी झालेलं, इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्दांची टायपिंगची सर्टिफिकेटं कपाटात पडून होती. ती धूळ झटकून बाहेर काढली. चाळणी परीक्षेला माझ्या मागं एक इंजिनिअर होता आणि पुढं एक एम.ए. बी.एड. टंकलेखनाच्या वेळी मराठी उताऱ्यात 'निर्णयार्थ' हा शब्द आला. एका शब्दात दोन रफार. रविवार कारंजावरच्या क्लासमधल्या बाई ओरडायच्या तेव्हा वाटायचं, असले शब्द लिहितं कोण? आता रोज लिहिते.

कोणतं कोर्ट, कोणता कक्ष, हे सांगत नाही. नोकरी आहे. शिवाय नाशिक जिल्ह्यात कोर्टं थोडी आहेत का? मालेगाव, निफाड, येवला, मनमाड, नांदगाव, सटाणा, कळवण, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, इगतपुरी, आणि आमचं नाशिकच्या सीबीएस बस स्टँडजवळचं मोठं कोर्ट आहेच. बदल्या होत राहतात, तेव्हा कुठलंही समजा.

आईनं सिडकोतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटताना "मुलगी कोर्टात लागली" एवढंच सांगितलं. आठवड्याभरात तीन जण आपापले कागद घेऊन घरी आले. एकाची भाडेकरूची भानगड, एकाचा चेक वटला नव्हता, एकाला सुनेविषयी विचारायचं होतं. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे हसत हसत अधीक्षकांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तारीख सांगायची, खिडकी दाखवायची, नक्कल कशी मागायची ते सांगायचं. निकाल कुणाच्या बाजूनं लागेल, वकील कोणता करावा, तडजोड करावी का, हे तुम्हाला माहीत असलं तरी माहीत नाही."

नियम सांगणं आणि सल्ला देणं यांतली रेघ कागदावर सोपी वाटते. दाखल विभागात बसलं की कळतं. पोटगीचा किंवा माहेरच्या जमिनीतल्या हिश्शाचा अर्ज घेऊन बाई येते, हातात पैशांचा रुमाल असतो, "तिकीट किती लावायचं?" असं विचारते. भरणपोषण, मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं. तसंच कोर्टात दाखल करायच्या शपथपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, तरी लोक बाहेरून घेऊन येतात. हे सांगणं म्हणजे नियम सांगणं, इथपर्यंत ठीक. पण तीच बाई पुढं विचारते, "मग मी दावा करू का नको?" तिथं आपण कागदाला टाचणी लावायची आणि पुढच्याला हाक मारायची. पहिली दोन वर्षं घरी गेल्यावर याचा फार त्रास व्हायचा. आता कमी होतो. ते चांगलं की वाईट, माहीत नाही.

सुरुवात माझी रेकॉर्ड रूमपासून झाली. निकाली प्रकरणं लाल रुमालात बांधून मांडणीवर लागतात. प्रत्येक प्रकरणातले कागद अ, ब, क, ड असे वेगळे करायचे. 'अ' मध्ये गेलेला कागद कायमचा राहतो, 'ड' सगळ्यात आधी नष्ट होतो. हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा अधिकृत कागद, चुकून 'ड' मध्ये बांधला तर कुणाच्या तरी नातवाला तीस वर्षांनी शिव्या घालायला मीही सापडणार नाही. तिथले हमालकाका सातवी शिकलेले, पण कुठल्या सालाची दफ्तरं कोणत्या मांडणीवर, हे त्यांना कॉम्प्युटरच्या आधी सांगता यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला गुळाचा खडा दिला. "धूळ घशाला लागते. रोज खायचा."

एकदा दिंडोरीकडचे एक शेतकरी आले. त्यांच्या आजोबांच्या काळात वाटपाचा दावा झाला होता, त्या हुकूमनाम्याची नक्कल हवी होती. दावा नंबर माहीत नाही. आजोबांचं नाव, गावाचं नाव आणि "धरणाच्या आधीची गोष्ट" एवढाच धागा. कोणतं धरण, यावरच आमचा अर्धा तास गेला. काकांनी आणि मी तीन सालांची रजिस्टरं पानापानानं पाहिली. चौथ्या दिवशी सापडलं. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र आमच्यातल्या कुणालाही लाजवेल असं. नक्कल मिळाली त्या दिवशी ते गृहस्थ माझ्या टेबलाखाली द्राक्षांची पेटी सरकवून, एक शब्द न बोलता निघून गेले. मी अधीक्षकांना सांगायला गेले. ते म्हणाले, "पेटी उचला आणि त्यांना गाठा." दोन किलोचा खोका छातीशी धरून मी बस स्टँडपर्यंत धावले. ते गाडीत चढत होते. "अहो ताई, घरच्या बागेतली आहेत, विकत नाही आणली," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचा अपमान झाला होता, हे दिसत होतं. अख्खी बस माझ्याकडे बघत होती, जणू मीच काहीतरी मागायला आले होते.

रेकॉर्ड रूममधून मला कोर्टात, म्हणजे बेंच क्लर्कच्या, साहेबांसमोर बसून प्रकरणं सांभाळणाऱ्या लिपिकाच्या हाताखाली टाकलं. इथं भाषाच वेगळी. रोजनामा नावाची चीज आहे. त्या दिवशी प्रकरणात काय घडलं ते चार-पाच ओळींत लिहायचं. "पुकारा केला. वादी गैरहजर, वकील हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. म्हणणे घेतले. मंजूर. वादीच्या पुराव्याकामी." यात विशेषण नाही, मत नाही. कोर्टात दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि पोलिसांनी सोडवले, तरी रोजनाम्यात शक्यतो "उभयपक्ष हजर" एवढंच. ही भाषा हळूहळू अंगात भिनते. एकदा मी नवऱ्याला चिठ्ठी ठेवली, "दळणाकामी डबा दाराशी ठेवला आहे." त्यानं ती फ्रिजवर चिकटवून ठेवली, अजून आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते शीर्षक. लोकांना वाटतं, वादीचं नाव, विरुद्ध, प्रतिवादीचं नाव, झालं. वाटपाचा दावा चालत राहतो आणि मधेच वादी क्रमांक १ वारतो. ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज यावा लागतो. मग तो होतो 'मयत तर्फे वारस' आणि खाली १अ, १ब, १क. काही वर्षांनी १अ वारतो. मग १अ-१, १अ-२. त्यांतला एक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असतो, तो दाव्यातच सज्ञान होतो, त्याची दुरुस्ती. लग्न झालेल्या लेकींची नावं बदलतात, त्याची दुरुस्ती. एका दाव्याचं शीर्षक मी नव्यानं टाइप केलं ते चार पानं भरलं आणि दावा सहा पानांचा होता. ज्यानं तो दाखल केला त्याचं नाव सगळ्यात वर, 'मयत' या शब्दासकट. टाइप करताना वाटायचं, अख्खं खानदान शेताच्या बांधावर रांगेत उभं आहे आणि आपण हजेरी घेतोय.

आता माझी चूक सांगते.

प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख बेंच क्लर्क बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या कडेला पेनानं टिपतात. संध्याकाळी त्या तारखा मी सीआयएस नावाच्या प्रणालीत भरायच्या. तिथून मोबाइलवर मेसेज जातो, आणि त्या तारखेचं बोर्डही तिथूनच निघतं. आमचे बेंच क्लर्क देवनागरी आकडे काढायचे, आणि घाईत त्यांचा ९ म्हणजे मान जरा तुकवलेला १. एका अपघाताच्या दाव्यात त्यांनी १९ लिहिलं होतं. मी ११ वाचलं.

११ तारखेला सकाळी बोर्डावर तो दावा आला, पण त्या दिवसाच्या गठ्ठ्यात फाइल नव्हती. शोधली तर १९ च्या गठ्ठ्यात. बेंच क्लर्क म्हणाले, "अगं, ही एकोणीसची आहे." मी प्रणालीत तारीख दुरुस्त केली, बोर्डावरच्या त्या ओळीवर रेघ मारली आणि सुटले म्हणाले. पाच मिनिटांचं काम. पट्टेवाल्यानं अर्थातच पुकारा केला नाही.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास एक बाई दाराशी आली. सुरगाण्याकडची. नवरा मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता. दोन बस बदलून आलेली, बरोबर दीर आणि एक साक्षीदार, जीपवाला, ज्यानं अपघात पाहिला होता आणि दिवसाचा धंदा सोडून आला होता. तिघं सकाळी साडेदहापासून बाहेरच्या बाकावर बसून होते. तिनं विचारलं, "मॅडम, आमचं नाव कधी पुकारतील?"

मी म्हटलं, "तुमची तारीख १९ आहे."

तिनं मोबाइल पुढं केला. मेसेज इंग्रजीत होता, आकडा मात्र कुणालाही वाचता आला असता.

वकिलांनी फोनवर सांगितलं की त्यांच्या डायरीत १९ च आहे. बाईनं मेसेजवर विश्वास ठेवला होता, कारण मेसेज सरकारी. मला वाटलं, आता ही ओरडेल किंवा रडेल. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "मी आज आले होते, हे कुठं लिहून मिळेल का? परत १९ ला मी नाही येऊ शकले तर म्हणाल, बाई येतच नाही."

याला काय उत्तर द्यायचं? बोर्डावर नसलेल्या प्रकरणात हजेरी लिहायची सोय नाही. मी बेंच क्लर्ककडे गेले, ते फाइल घेऊन चेंबरमध्ये गेले, आणि मला दाराशी उभं राहून आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगावी लागली. साहेब रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "मेसेज गेला होता हे सकाळी लक्षात आलं नाही?" नव्हतं आलं. दुरुस्ती केली म्हणजे चूक मिटली, असं मी धरून चालले होते. साहेबांनी प्रकरण त्याच दिवशी बोर्डावर घेतलं. विमा कंपनीचे वकील नव्हते, त्यामुळे साक्ष होणं शक्य नव्हतं. पण रोजनामा लिहिला गेला, आणि तो मी लिहिला: "अर्जदार हजर. साक्षीदार हजर." एवढंच. पट्टेवाल्यानं तिचा पुकारा केला, ती आत आली, हात जोडून उभी राहिली, आणि नाव लिहिलं गेल्याची खात्री करून घेऊन गेली. जीपवाल्याचा बुडालेला धंदा कुठं लिहिता आला नाही.

हुकूमनाम्यात, चेकवर, पावतीवर रक्कम अंकी लिहितात आणि अक्षरीही लिहितात. तारीख मात्र सगळीकडे नुसती अंकी. त्या दिवसापासून मी बोर्डाच्या कडेला आकड्याशेजारी पेन्सिलीनं अक्षरी लिहायला लागले, एकोणीस, अकरा, एकवीस, आणि वार. बेंच क्लर्क पहिल्यांदा चिडले, मग सवयीचं झालं. खिडकीशीही तसंच. कुणी विचारलं, "मॅडम, तारीख कितीची पडली?" की मी वारासकट सांगते आणि त्यांना परत म्हणायला लावते. काहींना वाटतं, शाळामास्तरीण आहे.

मधल्या काळात बरंच झालं. करोनात आम्ही आलटून पालटून यायचो, आणि नंतर दावे-अपिलं दाखल करायच्या मुदतींचा हिशेब करताना डोकं फिरायचं, कारण सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले. खून ३०२ चा १०३ झाला. पोटगीचं १२५ गेलं आणि १४४ आलं. आता १४४ म्हटलं की लोकांना जमावबंदी आठवते, त्यामुळे "बाई, तुमचा एकशे चव्वेचाळीसचा अर्ज" असं म्हटल्यावर एक म्हातारी घाबरून म्हणाली, "मी कुठं गर्दी केली?" लोक अदालतीच्या शनिवारी आम्ही सकाळपासून नोटिसा, गठ्ठे आणि पुरसिशींत, म्हणजे पक्षकारांनी कोर्टाला लिहून दिलेल्या निवेदनांत बुडालेले असतो. पण त्या दिवशी तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे ऐकल्यावर भांडणाऱ्यांचे चेहरे कसे सैल पडतात, ते बघण्यासारखं असतं.

नंतर माझी नक्कल विभागात बदली झाली. इथं दिवसभर रुजवात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं, स्वल्पविराम, कंस, सगळं. मग खाली सही. रेकॉर्ड रूममधल्या गुळाची सवय इथं उपयोगी पडते, घसा बसतो.

मागच्या वर्षी रुजवातीला एक निकाल आला. अपघाताचा दावा, अर्जदार सुरगाणा तालुक्यातली. पहिल्या पानावरच कळलं. वाचायची पाळी सहकाऱ्याची होती, मी म्हटलं, आज मी वाचते. किती रक्कम मुलांच्या नावे ठेवीत, किती तिच्या खात्यावर, व्याज कोणत्या तारखेपासून. रक्कम अंकी वाचली, अक्षरी वाचली. तारखेपाशी थांबले आणि मूळ कागदावर आकडा बोटानं दाबून पाहिला. सहकारी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पुढं."

नक्कल घ्यायला ती स्वतः आली. या वेळी एकटीच. रजिस्टरमध्ये सही करताना तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या अकरा तारखेच्या मॅडम ना?"

मी हो म्हटलं.

तिनं कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. "आता परत तारीख नाही ना?"

विमा कंपनीला अपिलात जाता येतं, हे मला माहीत होतं. जाईल की नाही, ते माहीत नव्हतं.

"या कोर्टात नाही," मी म्हटलं.